लिंकवरून ऑर्डर आली, कमिशन मात्र लागलं नाही: चिठ्ठी नेमकी कुठे हरवते?

ऑनलाइन दुकानाला आपल्या लिंकवरून गिऱ्हाईक पाठवून कमिशन घेणारे ताई-दादा असतात, त्यांना अफिलिएट म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या कमिशनचा हिशोब निघतो आणि माझा फोन वाजायला लागतो. दुकान मसाल्याचं असो, हापूसचं असो नाहीतर साड्यांचं, तक्रारी ठरलेल्या आहेत. आधी त्याच मांडतो, म्हणजे तुमची कोणती ते कळेल.

• "ताई म्हणतात, माझ्या लिंकवरून नऊजणींनी घेतलं. आमच्याकडे चारच दिसतायत."
• "दोनशे क्लिक दिसतात, ऑर्डर एकही नाही."
• "मागच्या मंगळवारपर्यंत बरोबर होतं. त्यानंतर कुणाच्याच नावावर काही चढलं नाही."
• "कालपासून सगळ्याच ऑर्डरी एका दादाच्या नावावर पडतायत."
• "नोंद आहे, पण महिना झाला तरी पेंडिंगच."
• "कॅश ऑन डिलिव्हरीची लागते, यूपीआयची लागत नाही."

ऐकायला सगळ्या सारख्याच वाटतात, पण प्रत्येक तक्रार वेगळ्या जागेकडे बोट दाखवते. आणि फोन करणाऱ्याने सगळ्यांवर एकच उपाय आधीच करून पाहिलेला असतो: अफिलिएटचं प्लगइन (साइटला जोडायचा, या नोंदी ठेवणारा प्रोग्राम) काढलं आणि परत टाकलं. ते करू नका. काही प्लगइनांत 'काढताना डेटाही पुसून टाका' अशी एक टिक असते. ती चुकून चालू असली तर मागच्या सगळ्या नोंदी जातात, आणि मग नऊ की चार हा वादच शिल्लक राहत नाही, कारण दाखवायला काहीच नसतं.

मी गेली काही वर्षं लहान दुकानांच्या साइट सांभाळतो. बहुतेक वर्डप्रेस (साइट बनवायची प्रणाली) आणि वूकॉमर्सवरच्या (तिच्यावर दुकान चालवणारं प्लगइन), म्हणून खालचं लिखाणही त्याच अंगाने आहे. शॉपिफाय या दुकान चालवायच्या दुसऱ्या सेवेचं थोडं शेवटाकडे आहे.

गिऱ्हाइकांना मी हे असं समजावतो. पूर्वी ओळखीच्या दुकानात कुणाला पाठवायचं तर हातात चिठ्ठी द्यायचे: 'यांना मी पाठवलंय, बघून घ्या.' रेफरल लिंक म्हणजे तीच चिठ्ठी. ती नीट लिहिलेली हवी, ही झाली लिंक. गिऱ्हाइकाच्या खिशात टिकायला हवी, ही कुकी, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. गल्ल्यावर कुणीतरी ती मागायला हवी, हे चेकआउट, म्हणजे पैसे भरायचं पान. आणि शेवटी वहीत चढायला हवी, ते ऑर्डरचं स्टेटस. या चारांपैकी एका ठिकाणी ती गळते. कुठे गळते ते कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. शोधायलाच दिवस जातो, म्हणून स्वस्तातल्या जागा आधी बघायच्या.

१. आधी चाचणी तरी नीट करताय का? (खर्च: दर चाचणीला एक रुपया)

निम्मे फोन इथेच संपतात. दुकानमालक स्वतःच्या लॅपटॉपवर, ॲडमिन म्हणून लॉगिन असताना, स्वतःच्याच नावाची लिंक उघडतो आणि ऑर्डर टाकतो. कमिशन लागत नाही. लागणारच नाही, कारण स्वतःच्या लिंकवरून स्वतःच माल घेऊन कमिशन खाऊ नये म्हणून बहुतेक प्लगइन अशी नोंद मुद्दाम नाकारतात. शिवाय त्या ब्राउझरमध्ये गेल्या महिन्यातल्या चाचणीची कुकी अजून बसलेली असते, ती वेगळीच.

दुसरी चूक म्हणजे शंभर टक्के सुटीचं कूपन लावून 'फुकटात' चाचणी करणं. रक्कम शून्य झाली की ऑर्डर पेमेंट गेटवेकडे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेकडे) जातच नाही आणि शून्याचं दहा टक्के शून्यच. म्हणजे जिथे बिघाड असण्याची शक्यता जास्त, तोच रस्ता तुम्ही टाळलात.

मी असं करतो. एक रुपयाचं 'चाचणी' नावाचं उत्पादन बनवतो, ते दुकानाच्या यादीतून लपवतो आणि डिलिव्हरीचा खर्च शून्य ठेवतो. मग जो फोन कधी त्या साइटवर गेलेला नाही असा फोन घेतो (घरात आईचा असतो), वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, इनकॉग्निटोमध्ये (जुन्या कुकी नसलेल्या खासगी खिडकीत) अफिलिएटची लिंक उघडतो, वेगळा ईमेल टाकतो आणि खरा एक रुपया भरतो. हे तीनदा: एकदा यूपीआयने, एकदा कार्डाने, एकदा कॅश ऑन डिलिव्हरीने. प्रत्येक वेळी इनकॉग्निटो पूर्ण बंद करून नव्याने. कुठली नोंद लागली आणि कुठली नाही ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या तपासण्यांत हा कागद लागणार आहे.

तिन्ही नोंदी बरोबर लागल्या तर तुमची यंत्रणा धड आहे. मग फक्त दुसरी, तिसरी आणि चौथी तपासणी करा.

२. चिठ्ठीच चुकीची लिहिली आहे का? (खर्च: काही नाही)

समजा लिंक अशी आहे: दुकान.कॉम/गोडा-मसाला/?रेफ=२७. यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग म्हणजे चिठ्ठी. तुम्ही ताईंना लिंक बरोबर दिलेली असते, पण ताईंनी तिचं पुढे काय केलं ते बघायला हवं. त्यांच्याकडून 'तुम्ही टाकलेली लिंक मला जशीच्या तशी पाठवा' असं मागवा. स्क्रीनशॉट नको, मजकूर हवा.

सर्वात जास्त वेळा सापडणारी चूक: दोन प्रश्नचिन्हं. एका रेसिपी चॅनेलवाल्या ताईंनी जाहिरातीतून मिळालेली उत्पादनाची लिंक घेतली, तिच्यात आधीच प्रश्नचिन्ह आणि यूटीएमची (गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीतून आलं ते सांगणारी) लांबलचक शेपटी होती, आणि तिच्यापुढे आपलं '?रेफ=२७' चिकटवलं. पान उघडतं, मसाला दिसतो, कुणाला शंका येत नाही. पण एका पत्त्यात प्रश्नचिन्ह एकदाच चालतं; पुढचा प्रत्येक भाग '&' ने जोडायचा असतो. दुसऱ्या प्रश्नचिन्हापुढचं सगळं आधीच्या शेपटीचाच भाग समजलं जातं. त्या ताईंच्या तीन व्हिडिओंखाली हीच लिंक होती.

असंच '#' चं. पत्त्यात '#' च्या पुढे जे येतं ते सर्व्हरपर्यंत जातच नाही, ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो. 'रिव्ह्यू' टॅबची लिंक कॉपी करून तिच्यापुढे रेफ लावला की चिठ्ठी दारातच राहते.

अफिलिएटचं युजरनेम मराठीत ठेवलं असेल तर लिंक कॉपी करताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांब माळ होते. तांत्रिकदृष्ट्या ती चालते, पण माणसं ती बघून घाबरतात आणि अर्धी खोडून टाकतात. नावाऐवजी नंबर द्या. मी आता नवीन दुकानांत नंबरच देतो.

आता तुमच्या बाजूची चूक. ताईंची लिंक 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' शिवाय आहे, तुमची साइट त्याच्यासकट उघडते. किंवा लिंक जुन्या एचटीटीपीची आणि साइट एचटीटीपीएसची. मधे रीडायरेक्ट होतं, म्हणजे साइट एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेते, आणि तो नियम घाईत लिहिलेला असेल तर प्रश्नचिन्हापुढचा भाग वाटेतच गळतो. तपासायला सोपं: लिंक पेस्ट करा, एंटर दाबा, पान पूर्ण उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत रेफ अजून आहे का बघा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, एचटीटीपीने आणि एचटीटीपीएसने, असं चारही प्रकारे करून बघा. एक खबरदारी: काही प्लगइन कुकी ठेवून झाल्यावर तो भाग स्वतःच काढतात, पत्ता स्वच्छ दिसावा म्हणून. म्हणजे रेफ गायब दिसला म्हणजे बिघाड झालाच असं नाही. खात्री पाचव्या तपासणीत होईल.

३. गिऱ्हाइकाने लिंक कुठे उघडली आणि ऑर्डर कुठून दिली? (खर्च: काही नाही, फक्त ऐकून घ्यायची तयारी)

'नऊपैकी चारच' या तक्रारीचं खरं घर हे आहे, आणि इथे बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते.

इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की ती फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. कुकी तिथे बसते. बाई रात्री रील बघतात, लिंक दाबतात, मसाला आवडतो, 'उद्या घेऊ' म्हणून झोपतात. सकाळी क्रोम उघडून दुकानाचं नाव गूगल करतात आणि ऑर्डर देतात. चिठ्ठी एका खिशात, पाकीट दुसऱ्या. आणि आपल्याकडे तर बघणारी एक आणि पैसे भरणारा दुसरा ही रोजची गोष्ट आहे: मुलीने आईला नुसता फोटो पाठवला, आईने वडिलांना सांगितलं, वडिलांनी ऑफिसच्या लॅपटॉपवरून मागवलं. त्यात लिंक कधीच गळून पडलेली असते. ताईंच्या दृष्टीने मात्र ती ऑर्डर त्यांचीच, आणि तेही खोटं नाही.

आयफोनचं वेगळं दुखणं. पानावरच्या जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) ठेवलेली कुकी सफारी सात दिवसांतच पुसतो. २०१९ पासून हे असंच आहे. तुम्ही जाहीर केलंय 'लिंकनंतर तीस दिवसांत घेतलं तरी कमिशन', आणि सफारीवाल्या गिऱ्हाइकाच्या खिशात चिठ्ठी आठवडाभरच. तुमचं प्लगइन सर्व्हरकडून कुकी ठेवू शकत असेल तर तो पर्याय चालू करा. नसेल तर अटींमध्ये तीस दिवस लिहू नका.

हे तपासायचं कसं? ताईंकडून हरवलेल्या पाच ऑर्डरींची नावं आणि साधारण तारखा घ्या. वूकॉमर्सच्या ८.५ आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, ऑर्डरच्या पानावर उजवीकडे ती ऑर्डर कुठून आली, मोबाइलवरून की डेस्कटॉपवरून, याची एक लहान चौकट असते. बऱ्याच जणांनी ती कधी पाहिलेलीच नसते. तिथे 'ऑरगॅनिक: गूगल' किंवा 'डायरेक्ट' दिसलं तर गिऱ्हाईक लिंकवरून न येता स्वतः शोधत आलंय. पाचपैकी चार अशा निघाल्या तर प्लगइनशी खेळत बसू नका.

यावर तांत्रिक इलाज नाही. इलाज आहे कूपन. प्रत्येक अफिलिएटला लिंकसोबत तिच्या नावाचा एक छोटा कूपन कोड द्या, पाच टक्के सुटीचा का होईना, आणि तो प्लगइनमध्ये तिच्या खात्याला जोडा. कोड गिऱ्हाइकाच्या डोक्यात राहतो आणि ब्राउझर बदलला तरी तिथेच असतो. रीलमध्ये तोंडाने सांगता येतो. इंग्रजी अक्षरांत, सात-आठ अक्षरांच्या आत, आणि शून्य व ओ यांचा घोळ होणार नाही असा ठेवा.

कूपनची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. कोड फुटतात. कूपनं गोळा करणाऱ्या साइटवर गेला की तुमचं नेहमीचं गिऱ्हाईकही तो लावतं आणि ताईंना फुकटचं कमिशन जातं. महिन्यातून एकदा आपल्याच दुकानाचं नाव आणि 'कूपन' असं शोधून बघायचं. आणि लिंक एकीची, कूपन दुसरीचं असं झालं तर कमिशन कुणाचं हे आजच ठरवून अटींमध्ये लिहा. मी कूपनवालीला देतो, कारण गल्ल्यावर गिऱ्हाइकाने तिचं नाव घेतलं. तुम्ही उलट ठरवा, पण ठरवा. भांडण झाल्यावर ठरवलेला नियम कुणाला पटत नाही.

४. वहीत आहे, पण पेंडिंग (खर्च: एक क्लिक)

प्लगइन नोंद आधी पेंडिंग ठेवतं आणि ऑर्डरचं स्टेटस ठराविक टप्प्याला पोहोचलं की ती देय करतं. तो टप्पा 'प्रोसेसिंग' की 'कम्प्लीटेड' हे सेटिंगमध्ये असतं. तुम्ही कम्प्लीटेड निवडलं आणि ऑर्डर कम्प्लीट करायचं बटण कुणी दाबतच नसेल, तर नोंद जन्मभर पेंडिंग. देवगडच्या एका बागायतदारांकडे एप्रिल-मे दोन महिने हेच चाललं होतं. पेट्या भरण्यात, गवत लावण्यात आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे धावण्यात सगळं घर; संगणकासमोर बसायला माणूस कुठला? आंबे पोहोचले, पैसे आले, स्क्रीनवर ऑर्डरी जूनपर्यंत प्रोसेसिंगमध्ये. संध्याकाळी सगळ्या एकगठ्ठा निवडून कम्प्लीट केल्या आणि अफिलिएटांचे राग शांत झाले.

म्हणून टप्पा प्रोसेसिंगवर आणावा, असं मात्र म्हणणार नाही. वूकॉमर्समध्ये कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर टाकल्या टाकल्याच प्रोसेसिंगला जाते, एक पैसा आलेला नसताना. त्यातल्या काही आरटीओ होऊन परत येणार (आरटीओ म्हणजे गाडीच्या नंबरवालं नव्हे, 'रिटर्न टू ओरिजिन'), आणि तुम्ही जाण्याचं-येण्याचं कुरिअर भाडं भरून वर कमिशनही दिलेलं असणार. कम्प्लीटेडच ठेवा, आणि परताव्याची मुदत उलटल्यावर पैसे द्या.

इथेच रकमेचाही वाद निघतो. मसाल्याचं पाकीट ५२५ रुपयांचं, त्यात ५ टक्के जीएसटीचे २५. दहा टक्के कमिशन ५० की साडेबावन्न? डिलिव्हरीचे पैसे धरायचे की नाही? प्लगइनमध्ये दोन टिक असतात, कर वगळा आणि शिपिंग वगळा. त्या काय आहेत ते बघा आणि तेच अटींमध्ये लिहा. अडीच रुपयांसाठी लोक भांडतात, मी पाहिलंय.

५. कॅश, रोकडवाली नव्हे (खर्च: काही नाही, पण हात सांभाळून)

'क्लिक दिसतात, ऑर्डर शून्य' किंवा 'सगळ्या ऑर्डरी एकाच्याच नावावर' ही लक्षणं असतील तर सरळ इथे या.

साइट वेगात उघडावी म्हणून कॅश प्लगइन पानाची तयार प्रत काढून ठेवतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच देतं. म्हणजे पान दर वेळी शिजवायचं नाही, सकाळी करून ठेवलेलं गरम करून वाढायचं. अडचण ही की चिठ्ठी खिशात घालण्याचं काम काही अफिलिएट प्लगइन पान शिजताना करतात. तयार प्रत वाढली की ते काम होतच नाही.

याहून वाईट म्हणजे तयार प्रतीतच कुणाची तरी चिठ्ठी अडकून राहणं. एका साइटवर होस्टिंगकडून कॅश नव्याने चालू झाली होती. कॅश रिकामी असताना पहिला जो माणूस पानावर आला तो एका अफिलिएट दादाच्या लिंकवरून आलेला. त्याच्या कुकीसकट पानाची प्रत साठवली गेली आणि पुढचे दीड दिवस जो कुणी येईल त्याच्या खिशात त्याच दादाची चिठ्ठी. दादा भला माणूस. स्वतःच फोन करून म्हणाला, "काहीतरी गडबड आहे, मी तर दोन दिवस काही टाकलंच नाही." तो गप्प बसला असता तर महिनाअखेरीपर्यंत कळलं नसतं.

खात्री कशी करायची: लॅपटॉपवर क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडा, अफिलिएट लिंक टाका, एफ-१२ दाबा, 'ॲप्लिकेशन' टॅबमध्ये 'कुकीज' उघडा. तुमच्या प्लगइनच्या नावाची कुकी आणि तिच्यात बरोबर नंबर दिसायला हवा. मग सगळं बंद करा, नवी इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि आता रेफशिवाय साधा पत्ता टाका. या वेळी ती कुकी दिसता कामा नये. पहिल्या वेळी दिसली नाही तर चिठ्ठी खिशात जात नाही. दुसऱ्या वेळी दिसली तर दादासारखा प्रकार आहे. कॅश लगेच पूर्ण रिकामी करा आणि दुरुस्ती होईपर्यंत बंद ठेवा. साइट दोन दिवस थोडी हळू चालली तर चालेल.

दुरुस्ती साधारण अशी: कॅशच्या सेटिंगमध्ये रेफ असलेले पत्ते आणि अफिलिएटची कुकी वगळण्याच्या यादीत टाका. कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही पानं कॅशमध्ये कधीच नकोत. कॅश तीन ठिकाणी असू शकते, प्लगइनची, होस्टिंगची (साइट जिथे ठेवली आहे त्या कंपनीची) आणि सीडीएनची (पानांच्या प्रती जवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेची). एक रिकामी करून 'काही फरक नाही' म्हणणारे बाकीच्या दोन विसरलेले असतात. 'जावास्क्रिप्ट उशिरा चालवा' असा वेगाचा पर्याय चालू असेल तर अफिलिएटची स्क्रिप्ट त्यातून वगळा. आणि कुकी संमतीची पट्टी लावली असेल तर होकार देण्याआधी ती ही स्क्रिप्ट अडवते का, तेही बघा.

६. यूपीआयचे पैसे आले, गिऱ्हाईक परत आलंच नाही (खर्च: आणखी एक रुपया)

पहिल्या तपासणीच्या कागदावर कॅश ऑन डिलिव्हरीपुढे बरोबरची खूण आणि यूपीआयपुढे फुली असेल तर हे तुमच्यासाठी.

बऱ्याच अफिलिएट स्क्रिप्ट 'ऑर्डरबद्दल आभार' या पानावर बसवलेल्या असतात. पान उघडलं की विक्री झाली असं धरायचं, हा त्यांचा हिशोब. कार्डाने पैसे भरणारा त्याच खिडकीत राहतो, ओटीपी टाकतो, आपोआप त्या पानावर येतो. यूपीआयवाला मात्र साइटवरून उठून दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, टिंग आवाज येतो, पैसे गेले. त्याच्या लेखी काम झालं. तो तिथूनच व्हॉट्सॲप उघडतो. आभाराचं पान कधी उघडतच नाही आणि चिठ्ठी मागायला गल्ल्यावर कुणी नसतं. ऑर्डर मात्र पक्की होते, कारण पैसे आल्याची वर्दी गेटवे थेट सर्व्हरला देतो. त्या वर्दीला वेबहुक म्हणतात.

मुद्दाम बघायचं तर एक रुपयाची यूपीआय ऑर्डर टाका, पिन टाकून पैसे गेले की ब्राउझर परत न उघडता फोनवरून झटकून बंद करा. पाच मिनिटांनी ऑर्डर बघा. ऑर्डर प्रोसेसिंगमध्ये आणि कमिशनची नोंद नाही, असं असेल तर नोंद आभाराच्या पानावर अवलंबून आहे. प्लगइनमध्ये ऑर्डर तयार होतानाच नोंद करण्याचा, म्हणजे सर्व्हरकडून मोजण्याचा पर्याय शोधा. तो नसेल तर भारतातल्या दुकानासाठी ते प्लगइन कामाचं नाही, असं मी सरळ सांगतो.

आणि ऑर्डरच 'पेमेंट बाकी'मध्ये अडकली, पैसे मात्र कापले गेले, असं असेल तर वर्दीच पोहोचत नाही. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये वेबहुकचा भाग उघडा, तिथे चुकलेल्या वर्द्या लाल रंगात दिसतात. बहुतेकदा एखादं सुरक्षा प्लगइन किंवा फायरवॉल त्यांना परका समजून अडवतं. बरेच गेटवे काही काळ परत परत पाठवून बघतात आणि उत्तर नाहीच आलं तर वेबहुक बंद करून ईमेल करतात. तो ईमेल तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या डेव्हलपरच्या पत्त्यावर जात असतो. खात्यातला पत्ता आत्ताच बदलून घ्या.

७. 'मंगळवारपासून बंद' (खर्च: अर्धा दिवस, स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीसाठीच्या नकलेवर)

अचानक आणि सगळ्यांचंच बंद पडलं तर विचारायचा प्रश्न एकच: त्या दिवशी काय बदललं? शेवटची बरोबर नोंद किती वाजता लागली ते बघा आणि त्यानंतर काय अपडेट झालं ते काढा. 'आम्ही काही केलं नाही' हे उत्तर मी मनावर घेत नाही, कारण ऑटो-अपडेट रात्री आपलं काम करून गेलेलं असतं.

दोन बदल ठाऊक असू द्या. वूकॉमर्सने ८.२ पासून (ऑक्टोबर २०२३) नव्या दुकानांत ऑर्डरी साठवायची जागा बदलली आणि ८.३ पासून नव्या दुकानांत चेकआउटचं पान ब्लॉकचं, म्हणजे तयार तुकडे जोडून बनवलेलं, आलं. जुनी दुकानं जुन्याच पद्धतीवर राहिली, पण कुणी थीम बदलताना किंवा पान नव्याने बनवताना ब्लॉकचं चेकआउट टाकलं की ती पण या गावात येतात. जुनी अफिलिएट प्लगइन ज्या ठिकाणी चिठ्ठी मागायला उभी असायची, ती ठिकाणं नव्या चेकआउटमध्ये तशीच्या तशी नाहीत. प्लगइन चालू दिसतं, क्लिक मोजतं, चूकही दाखवत नाही. नुसतं चुकीच्या दारात उभं असतं.

तपासायला साइटची स्टेजिंग प्रत बनवा. बऱ्याच होस्टिंगमध्ये त्याचं बटण असतं. तिथे चेकआउटचं पान जुन्या शॉर्टकोडवर (चौकटी कंसातल्या एका ओळीने पान बनवायची आधीची पद्धत) आणा आणि चाचणी करा. नोंद लागली तर दोषी सापडला. प्लगइनची नवी आवृत्ती घ्या, नाहीतर तात्पुरतं जुनं चेकआउट ठेवा. नाही लागली तर स्टेजिंगवरच बाकीची प्लगइन एकेक करून बंद करत जा. चालू दुकानावर हा खेळ करू नका. गिऱ्हाईक पैसे भरत असताना तुम्ही गेटवेचं प्लगइन बंद केलेलं असेल.

शॉपिफायवाल्यांनी दोनच गोष्टी बघा. थीम बदलली असेल तर अफिलिएट ॲपचा 'ॲप एम्बेड' (ॲपला थीमशी जोडणारं बटण) नव्या थीममध्ये परत चालू करावा लागतो, तो सोबत येत नाही. आणि आभाराच्या पानावर जुन्या स्क्रिप्टच्या पेटीत कोड चिकटवून ठेवला असेल तर ती पद्धत शॉपिफाय मोडीत काढत आहे. ॲपवाल्यांकडून पिक्सेलची (विक्री मोजणाऱ्या छोट्या कोडची) नवी पद्धत मागून घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सातही तपासण्या करून कुठली जागा गळते तेच कळलं नाही तर थांबा. कळली, पण दुरुस्तीला डेटाबेसमध्ये हात घालावा लागणार असेल, वेबहुकची गुप्त किल्ली बदलायची असेल किंवा थीमच्या फाइलमध्ये कोड लिहायचा असेल, तरी थांबा. साइटवर 'क्रिटिकल एरर' दिसला तर त्याच क्षणी थांबा. आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत फराळाच्या दुकानावर काहीही दुरुस्त करू नका. तेवढे दिवस नोंदी हाताने घाला, भाऊबीजेनंतर बघू.

डेव्हलपर तासावर पैसे घेतो, म्हणून त्याला 'अफिलिएट चालत नाही' एवढंच सांगू नका. तो एक रुपयाच्या चाचणीचा कागद द्या, हरवलेल्या दोन-तीन ऑर्डरींचे नंबर आणि वेळ, शेवटची बरोबर नोंद कधीची, आणि प्लगइनांची नावं आवृत्तीसकट. त्याचे दोन तास वाचतात, म्हणजे तुमचेच. त्याला स्वतःचं ॲडमिन लॉगिन न देता वेगळं खातं बनवून द्या, काम झाल्यावर ते काढून टाका. गेटवेच्या खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही नाही.

एकाच अफिलिएटच्या नावावर एकाच पत्त्यावरच्या ऑर्डरी, किंवा माल पोहोचल्यावर नेमाने परत येणाऱ्या ऑर्डरी दिसल्या तर तो बिघाड नाही, ती लबाडी आहे. त्याला डेव्हलपर नको, कमिशन रोखून धरायची अट हवी.

आणि कमिशनवरच्या टीडीएसचं सीएला विचारा. १ ऑक्टोबर २०२४ पासून दर ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०२५ पासून एका माणसाची वर्षाची मर्यादा १५ हजारांवरून २० हजार झाली. पण एकट्याच्या मालकीच्या दुकानाने तो कापायचा की नाही हे आदल्या वर्षीच्या उलाढालीवर ठरतं. माझ्या सल्ल्यावर कापू नका. पॅन नंबर मात्र अफिलिएट होतानाच घेऊन ठेवा, मार्चमध्ये मागितलात तर लोक फोन उचलत नाहीत.

दुरुस्ती चालू असेपर्यंत ताईंना काय सांगायचं? मी दुकानदारांना हा मेसेज लिहून देतो: "ताई, १ तारखेपासून आमच्या साइटवर नोंदी लागत नव्हत्या. तुमच्या ओळखीच्या कुणी घेतलं असेल तर नाव आणि तारीख पाठवा, ऑर्डर सापडली की कमिशन हाताने चढवतो." बहुतेक प्लगइनांत हाताने नोंद घालायची सोय असते, तिच्यात ऑर्डर नंबर आणि 'हाताने' असा शेरा न विसरता लिहा, नाहीतर दुरुस्ती झाल्यावर तीच ऑर्डर दुसऱ्यांदा चढते.